अंदलुसचा भाजीमळा आणि आपला रब्बी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी खरीप आणि रब्बी हंगामांवरचा एक उतारा वर्गात वाचत असताना सातवीच्या एका मुलीने विचारले, "टीचर, हा रब्बी म्हणजे रबी-उल-अव्वलचाच रबी का?" उत्तर होते, हो, तोच.

अरबीत 'रबी' म्हणजे वसंत आणि 'खरीफ' म्हणजे शरद. ज्या ऋतूत पीक काढणीला येते त्या ऋतूचे नाव त्या पिकाला मिळाले. सल्तनतींच्या महसूल दफ्तरांतून हे शब्द गावागावांत उतरले आणि शेतकऱ्यांनी ते असे उचलले की आज विदर्भातल्या किंवा सोलापूरकडच्या शेतकऱ्याला कोणी 'तू अरबी बोलतोस' म्हटले तर तो हसेल. हंगाम, जिरायत, बागायत, फसल, बाग, नहर हे सारे शब्द याच वाटेने आले. 'जिरायत'च्या मुळाशी अरबी 'झिराअत' आहे, 'बागायत'च्या मुळाशी फारसी 'बाग'. अंगणातल्या आपल्या 'हौदा'चे मूळ अरबी 'हौझ'. अंदलुसच्या शेतीग्रंथांत हाच शब्द भाजीच्या वाफ्यासाठी वापरला आहे.

अंदलुस म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालचा तो भाग, जिथे इ.स. ७११ पासून १४९२ पर्यंत कमी-अधिक प्रदेशावर मुस्लिम राजवटी होत्या. आपल्याकडे अंदलुसचा विषय निघाला की कुर्तुब्याची मशीद, अल्‌हंबरा, इब्न रुश्द यांच्यावर बोलले जाते. भाजीबद्दल कोणी बोलत नाही. पण माझ्या मते त्या संस्कृतीचा सर्वांत टिकाऊ वारसा भाजीच्या वाफ्यात आहे. ही गोष्ट त्याच वाफ्याची.

थंडी आणि पाऊस एकत्र

आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठीवर येतो. जून ते सप्टेंबर जमीन ओली असते आणि हवाही उबदार असते, त्यामुळे बी टाकले की उगवते. थंडी येते तेव्हा आभाळ कोरडे असते. अंदलुसमध्ये गणित उलटे. इशबिलिया, म्हणजे आजचे सेव्हिल, येथे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ थेंबही नाही. म्हणजे पाणी असते तेव्हा ऊब नसते आणि ऊब असते तेव्हा पाणी नसते. तुलैतुला, म्हणजे टोलेडो, येथे तर हिवाळ्यात कडक गारठा आणि दव गोठण्याइतकी थंडी.

ज्याने कधी वाफा केला आहे त्याला यातली अडचण लगेच कळेल. थंड आणि चिकचिकीत जमिनीत बी उगवण्याआधी कुजते. सतत पडणारा पाऊस मातीतले कस धुऊन नेतो. मुळांना हवा मिळत नाही. रोमन काळापासून या प्रदेशाने त्यावर सोपा मार्ग काढला होता. हिवाळी पावसावर गहू आणि जव घ्यायचे आणि उन्हाळ्यात जमीन पडीक ठेवायची. पण शहरे वाढली की नुसत्या गव्हावर भागत नाही. दहाव्या शतकातले कुर्तुबा हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते. त्याला रोज ताजी भाजी हवी होती, आणि गाडीभर भाजी लांबून आणण्याची सोय नव्हती. ती शहराच्या वेशीपाशी, घरामागच्या बागेत आणि नदीकाठच्या मळ्यातच पिकवावी लागे.

माळ्याचे कॅलेंडर

इ.स. ९६१ च्या सुमारास खलीफा दुसरा अल-हकम याच्यासाठी एक कॅलेंडर तयार झाले. अभ्यासक त्याला 'कॉर्डोबाचे कॅलेंडर' म्हणतात. त्यात प्रत्येक महिन्याचे तारे, हवामान, सण, आणि शेतात व बागेत करायची कामे नोंदवली आहेत. ते दोघांच्या नावावर आहे. एक अरीब बिन साद, कुर्तुब्याचा मुस्लिम वैद्य आणि इतिहासकार. दुसरा रबी बिन झैद, ख्रिस्ती बिशप. त्याचे लॅटिन नाव रेसेमुंद. या कॅलेंडरचा अरबी मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला तो हिब्रू लिपीत लिहिलेल्या हस्तलिखितातून. मुसलमान आणि ख्रिस्ती लेखक, आणि मजकूर जपणारी यहुदी लिपी. भाषा एकाची आणि लिपी दुसऱ्याची हा प्रकार मला परका नाही; उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला तो रोज भेटतो.

इथे एक प्रश्न येतो. हिजरी सन तर चांद्र आहे. रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. मग शेतकरी पेरणीची वेळ कशी ठरवणार? म्हणून अंदलुसच्या शेतकऱ्याने नमाज-रोज्यासाठी चांद्रमास ठेवले आणि पेरणीसाठी सौरमास वापरले. आपल्या दख्खनमध्येही हेच झाले. चौदाव्या शतकात इथे सुरू झालेला शुहूर सन सौर होता. सूर्य मृग नक्षत्रात गेला की त्याचे वर्ष सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पुढे मराठ्यांच्या कागदपत्रांत हाच सन अरबी अंकनामांसह शेकडो वर्षे वापरला गेला. शेतीला धर्माचे कॅलेंडर पुरत नाही हे कुर्तुब्यातही कळले होते आणि दौलताबादेतही.

शेणाची ऊब

अकराव्या आणि बाराव्या शतकांत अंदलुसमध्ये शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्यांची एक मालिकाच उभी राहिली. तुलैतुल्याचा इब्न वाफिद हा वैद्य होता. तिथला राजा अल-मामून याच्या बागेची जबाबदारी त्याच्याकडे होती. त्याच शहरातला इब्न बस्साल हा मातीत हात घातलेला माणूस. हजला जाऊन आला होता, वाटेत पाहिलेली झाडे-पिके त्याच्या लक्षात होती. १०८५ मध्ये तुलैतुला कॅस्टिलच्या राजाने जिंकले तेव्हा तो इशबिलियाला आला आणि तिथल्या अल-मुअतमिदसाठी बाग उभी करू लागला. त्यानंतर गरनात्याचा अत-तिग्नरी, इशबिलियाचा अबुल खैर, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस इब्न अल-अव्वाम. याच्या 'किताबुल फिलाहा'त ५८५ वनस्पतींची माहिती आहे. इशबिलियाजवळच्या टेकड्यांवर स्वतः करून पाहिलेले तो वेगळे सांगतो आणि दुसऱ्याच्या ग्रंथातले त्याच्या नावासह देतो. स्वतः पुन्हापुन्हा करून पाहिल्याशिवाय आपण काही ठामपणे मांडत नाही, असा त्याचा दावा आहे. १८०२ मध्ये माद्रिदला या ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर मूळ अरबीसह छापले गेले, कारण तेव्हाच्या स्पेनला आपली शेती सुधारण्यासाठी सहाशे वर्षांपूर्वीचे हे पुस्तक अजून उपयोगाचे वाटत होते.

'फिलाहा' म्हणजे शेती, 'फल्लाह' म्हणजे जमीन कसणारा. अजानमध्ये आपण 'फलाह'कडे या अशी हाक दिवसातून पाच वेळा ऐकतो, त्या फलाहचे मूळही हेच फ-ल-ह. जमीन फोडणे आणि यशस्वी होणे यांना अरबीने एकाच मुळावर ठेवले आहे. कोणी झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो या अर्थाची हदीस शेतीवर लिहिणाऱ्यांना प्रिय असणे साहजिकच होते.

आता मुद्द्याचे. थंड पावसाळी महिन्यांत ते भाजी कशी घेत?

पहिली गोष्ट माती ओळखणे. इब्न बस्सालने मातीचे दहा प्रकार सांगितले. मऊ, डोंगराळ, वाळूची, काळी, पांढरी, पिवळी, लाल, खडबडीत, असे. प्रत्येक माती किती थंड, किती उष्ण, किती ओलावा धरते, कोणत्या ऋतूत तिला हात लावावा हे तो सांगतो. आजचा कृषी सहायक माती परीक्षणाचा अहवाल देतो. इब्न बस्साल माती हातात चुरडून, पाणी घालून पाहत असे. वेगळ्या साधनांनी दोघेही एकच प्रश्न विचारतात. ही जमीन पाणी धरते की सोडते?

दुसरी गोष्ट खत. त्यांच्या विचारात खत हे अन्न होते आणि उष्णताही. माती स्वभावाने थंड, तिला ऊब द्यायची. घोडा-गाढव-खेचरांचे शेण, मेंढ्यांच्या लेंड्या, कुजवून केलेले मिश्रखत, हमामच्या भट्टीतली राख, प्रत्येकाचा उपयोग वेगळा. कबुतराची विष्ठा सर्वांत 'उष्ण'. थंडीने मरगळलेल्या रोपांना ती द्यावी, पण हात राखून. आज आपण सांगू की तिच्यात नत्र भरपूर असते आणि जास्त झाली तर मुळे जळतात. भाषा बदलली, सल्ला तोच राहिला.

तिसरी गोष्ट, आणि मला सर्वांत आवडलेली, ती शेणाच्या उबेवरची रोपवाटिका. वांगे, काकडी, भोपळा ही उष्ण देशांची पिके. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या वाफ्यात बी टाकले तर फळ यायला उशीर होतो. मग ऐन थंडीतच ताज्या शेणाचा थर द्यायचा, त्यावर माती आणि त्यात बी. शेण कुजताना तापते, ती ऊब खालून मिळते. वरून पानांचे, चटयांचे आच्छादन. हवा गरम झाली की तयार रोपे बाहेर लावायची. काच नाही, प्लॅस्टिक नाही, आणि तरी हरितगृहाचे काम होते. आमच्या शाळेच्या परसबागेत शिपाईमामा शेणाचा ढीग करतात तेव्हा डिसेंबरच्या सकाळी त्यातून वाफ निघताना मुले पाहतात. ती वाफ म्हणजे काय, हे इशबिलियाच्या माळ्याला नीट कळले होते.

पालक, गाजर आणि वांगे

ऊब देऊन उष्ण देशांची पिके वाचवणे हा झाला एक भाग. दुसरा भाग म्हणजे ज्या भाज्यांना थंडीच हवी त्यांना हिवाळ्याच्या पावसावर सोडणे. सलगम, मुळा, गाजर, कोबी, लसूण, कांदापात, बाकला, चाकवतासारखी पाने, आणि सर्वांत वर पालक.

पालकाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मूळ इराणचा, फारसीत 'इस्पनाख'. इ.स. ६४७ मध्ये तो नेपाळमार्गे चीनला पोहोचला आणि तिथे 'फारसी भाजी' म्हणून ओळखला गेला. दुसऱ्या दिशेने तो अरबी 'इस्फनाख' होऊन अंदलुसला गेला, स्पॅनिश 'एस्पिनाका' झाला आणि पुढे इंग्रजी 'स्पिनच'. उन्हाचा कडाका वाढला आणि दिवस लांबले की पालक फुलावर येतो, पाने कडू होतात. म्हणून भूमध्य समुद्राभोवतीच्या ओल्या थंडीला त्याच्याइतकी योग्य भाजी नाही. अकराव्या शतकात इब्न हज्जाज याने एकट्या पालकावर पुस्तिका लिहिली. इब्न अल-अव्वामने त्याला सगळ्या पालेभाज्यांचा सरदार म्हटले.

गाजराबद्दल इब्न अल-अव्वाम दोन जाती सांगतो, एक लाल आणि रसाळ, दुसरी पिवळट-हिरवी आणि जरा राठ. आज बाजारात दिसणारे केशरी गाजर पुढच्या काळात हॉलंडकडे रुजले. आपल्याकडे हलव्याला लागणारे लाल गाजर इब्न अल-अव्वामने ओळखले असते. फारसी 'गझर', अरबी 'जझर', मराठी 'गाजर'. शब्दही ओळखीचाच.

वांग्याची कथा मात्र आपल्या घरून सुरू होते. वांगे भारताचे. संस्कृत 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झाले, अरबीत 'अल-बाझिंजान', स्पॅनिशमध्ये 'बेरेन्हेना', पोर्तुगीजमध्ये 'बेरिंजेला'. पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांच्या शब्दावरून इंग्रजांनी 'ब्रिंजल' केले. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आपली मुले 'ब्रिंजल' पाठ करतात तेव्हा आपलेच वांगे इराण, बगदाद, कुर्तुबा, लिस्बन असा फेरा मारून पणजीच्या बंदरात परत आलेले असते. वांग्यासारखेच तांदूळ, ऊस आणि कापूसही पूर्वेकडून तिकडे गेले. स्पॅनिश 'अर्रोथ', 'अथुकार', 'अल्गोदोन' हे शब्द अरबीतून आलेले आहेत.

अँड्र्यू वॉटसन या टोरांटोच्या इतिहासकाराने १९७४ मध्ये या सगळ्याला 'अरब कृषिक्रांती' म्हटले आणि १९८३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे त्यावर टीकाही झाली. यातली काही पिके रोमन लोकांना आधीच माहीत होती, कालवेही आधीपासून होते, असे दाखवून दिले गेले. मला ही टीका महत्त्वाची वाटते. 'अमुक गोष्ट मुस्लिमांनी शोधली' असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. अभिमानाची भूक मी समजू शकते, पण इब्न अल-अव्वामने स्वतः असे कधी लिहिले नसते. त्याच्या पुस्तकात ग्रीक आहेत, रोमन आहेत, इराकच्या नबाती शेतकऱ्यांची परंपरा आहे. त्याचे मोठेपण सगळ्यांकडून घेण्यात, ते आपल्या वाफ्यात तपासण्यात आणि कोणाकडून घेतले ते लिहून ठेवण्यात आहे. विद्यार्थ्यांना मी हेच सांगते. इतिहासात आपला वाटा मागायचा तर आधी दुसऱ्याचा वाटा कबूल करावा लागतो.

पाण्याचा गुरुवार

उन्हाळ्यातल्या पिकांसाठी पाणी अडवून, वळवून आणावे लागे. 'साकिया' म्हणजे पाट. स्पॅनिशमध्ये तो 'असेकिया' झाला. उर्दू शायरीतला 'साकी' याच मुळाचा. रहाटाला 'नाऊरा', त्यावरून स्पॅनिश 'नोरिया'. कोणी किती वेळ पाणी घ्यायचे हे वाटून घेतलेले असे. पाणी बाजारापर्यंतही पोहोचत असे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इशबिलियाच्या इब्न अब्दूनने बाजाराच्या देखरेखीचे नियम लिहिले. त्यात एक नियम असा की लेट्यूस, गाजर यांसारख्या भाज्या बागेतल्या डबक्यांत किंवा हौदांत धुऊ नयेत, कारण ते पाणी स्वच्छ असेलच असे नाही. नदीच्या वाहत्या पाण्यात धुवाव्यात. आपल्या शहरांत गटाराच्या पाण्यात धुतलेल्या पालेभाजीचे व्हिडिओ पाहून हळहळणाऱ्यांनी ही नऊशे वर्षांपूर्वीची सूचना जरूर लक्षात घ्यावी.

१२३८ मध्ये बलनसिया, म्हणजे व्हॅलेन्सिया, अरागॉनच्या राजा जॉमेने जिंकले. राज्य बदलले, धर्म बदलला. पण पाण्याच्या वाटपाला त्याने हात लावला नाही. सारासेनांच्या काळात चालत होते तसेच चालू ठेवावे असे ठरले. आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दारापाशी आठ कालव्यांचे निवडलेले शेतकरी-प्रतिनिधी गोल बसतात आणि पाण्याचे तंटे तोंडी सोडवतात. वकील नाही, लेखी कैफियत नाही. पूर्वी त्या जागी जामा मशीद होती. दुसऱ्या दिवशी जुमा असल्याने गुरुवार ठरला असे लोक सांगतात. २००९ मध्ये युनेस्कोने या पाणी-न्यायालयाला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

शंभरात सहा

इथपर्यंतची कथा गोड आहे. पुढची नाही.

१४९२ मध्ये गरनाता पडले तेव्हा तहात मुस्लिमांना धर्म पाळण्याची मुभा होती. दहा वर्षांच्या आत ती मोडली गेली. गरनात्यात अरबी पुस्तकांची होळी झाली. वैद्यकाची तेवढी वाचवली. सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांना 'मोरिस्को' म्हटले जाऊ लागले. १५६७ च्या फर्मानाने अरबी भाषा, पोशाख, हमाम यांवर बंदी आली. इन्क्विझिशनसमोर माणूस काय खातो हा पुरावा ठरू लागला. डुक्कर नाकारले, कुसकुस खाल्ले, जमिनीवर बसून जेवले, एवढ्यावर संशय. वांग्यालाही त्यातून सूट नव्हती. १६१५ मध्ये आलेल्या 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागात सँचो त्या कथेच्या काल्पनिक अरब लेखकाचे नाव चुकवून 'वांगे' असे करतो आणि मूर लोकांना वांगी आवडतातच असे वर म्हणतो. वाचक हसले असतील. जिची चेष्टा करायची ती भाजी तोवर सगळ्या स्पेनच्या ताटात होती.

त्या विनोदाच्या आधी सहा वर्षे, सप्टेंबर १६०९ मध्ये, तिसऱ्या फिलिप राजाने व्हॅलेन्सियातून मोरिस्कोंना हाकलण्याचा हुकूम काढला. १६१४ पर्यंत सगळ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख माणसे बाहेर काढली गेली. व्हॅलेन्सियाने आपली जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या गमावली. पण त्या हुकुमात एक कलम होते, ते वाचून मी थांबले. दर शंभर घरांमागे सहा घरांना राहू द्यावे. कशासाठी? घरे, उसाचे घाणे, भाताची पिके आणि पाटबंधारे नीट राहावेत, आणि नव्याने वसणाऱ्यांना काम समजावून सांगता यावे म्हणून.

या एका कलमात सगळे आले. माणूस नको, त्याचे कसब हवे. शंभरातली चौऱ्याण्णव घरे जहाजावर चढवायची, आणि पाट कुठून वळतो हे सांगायला सहा ठेवायची. प्रत्यक्षात ती सहाही फारशी टिकली नाहीत. गावे ओस पडली, जमीनदारांना दुसरीकडून कुळे आणावी लागली. गेलेल्यांपैकी काही ट्युनिशियात वसले. तेस्तूर हे गाव त्यांनीच उभारले आणि तिथे पुन्हा बागा केल्या. वाफे करण्याची कला त्यांच्याबरोबर गेली. शब्द मात्र मागे राहिले. आजही स्पॅनिश शेतकरी असेकियातून पाणी वळवतो आणि बेरेन्हेना लावतो. गरनात्यात अल्‌हंबराजवळच्या हेनेरालिफेच्या, म्हणजे 'जन्नतुल आरिफ'च्या भाजीमळ्यांत सातशे वर्षांनंतरही भाजी पिकते.

आपल्या वाफ्यात

स्पेन ही माणसे बाहेर काढत होता त्याच दशकात, इकडे दख्खनमध्ये मलिक अंबर खडकी गावात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, जमिनीखालून नहर खेळवत होता. एका हबशी गुलामाने निजामशाहीचा वजीर होऊन बांधलेल्या त्या नहरीवर शहर आणि शहरातल्या बागा पोसल्या गेल्या. महाराष्ट्रात बागवान नावाचा मोठा मुस्लिम समाज आहे. नावातच बाग. पिढ्यान्‌पिढ्या फळे-भाज्या पिकवणे आणि विकणे हा त्यांचा धंदा. सोलापूर, सातारा, मराठवाडा, कुठल्याही मंडईत जा, पहाटे चारला ते तिथे असतात. त्यांचा माल माळ्यांकडून, मराठा शेतकऱ्यांकडून येतो, आणि त्यांच्याकडून सगळ्यांच्या घरी जातो. मंडई ही या राज्यातल्या सर्वांत जुन्या भागीदारींपैकी एक आहे.

२०२० च्या टाळेबंदीत देशात काही ठिकाणी हातगाडीवाल्याचे नाव विचारून भाजी घ्यायची की नाही हे ठरवले गेले. आपण सगळ्यांनी त्या बातम्या वाचल्या. त्याची १६०९ शी बरोबरी मी करत नाही. ती करणे इतिहासाशी आणि या देशातल्या बहुसंख्य चांगल्या शेजाऱ्यांशीही अन्याय होईल. मात्र एका सवयीबद्दल सावध करावेसे वाटते. ताटातली भाजी हवी, ती आणणारा नको, ही सवय छोट्या विनोदांपासून सुरू होते. सँचोचा विनोदही छोटाच होता.

आमच्या परसबागेत मुलांनी यंदा प्रत्येक वाफ्यावर पाटी लावली. एका बाजूला मराठी नाव, दुसऱ्या बाजूला उर्दू, आणि खाली तो शब्द कुठून आला ते एका ओळीत. पालकाच्या पाटीवर इराण आहे, बटाट्याच्या पाटीवर अमेरिका आणि पोर्तुगाल, वांग्याच्या पाटीवर आपण स्वतः. जुलैच्या झडीत आम्ही गादीवाफे उंच केले तेव्हा पाणी सरींतून निघून गेले आणि रोपे वाचली. कार्तिकात पालक टाकला तो आठवड्याच्या आत उगवला. दुपारच्या शालेय पोषण आहारात तो डाळीत पडतो, आणि ताटावर बसलेली मुले तो कोणाचा आहे हे विचारत नाहीत, वाढप्याकडे अजून थोडा मागतात.